सरदारांच्या आगगाडीखालची जमीन

सदा, मी निघालो त्या सकाळी आबा गणपतीच्या सोंडेवरून ओलं फडकं फिरवत बसले होते. बैलगाडी दारात उभी. मी पाया पडलो तरी त्यांनी मान वर केली नाही. "तिकडच्या मातीला चिकटा नसला तर कागदाचा लगदा घाल," एवढंच म्हणाले.

ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या पेठेत, एका मराठा सरदारांनी विलायतेहून खेळण्यातली आगगाडी आणवली होती. दिवाणखान्यात लांबलचक टेबलावर रूळ मांडलेले, पण खाली नुसत्या फळ्या. त्यांवर त्यांना जमीन हवी होती, तीही दख्खनची. घराण्यात चार पिढ्यांत कुणी दख्खन पाहिलेली नव्हती. "अपना मुलूख दिसला पाहिजे," ते म्हणाले.

मग मी आपलाच गाव केला. बांबूच्या कामट्यांवर लगदा थापून माळ उठवला. खरी माती तशीच टाकली की खडे धोंड्यांएवढे दिसतात; म्हणून ती तव्यावर भाजून मलमलीतून गाळली. डिंकाच्या पाण्याने माती काळवंडते, तेव्हा मुळात फिकी घ्यायची. गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा. नांगरट फणीने ओढली. आपल्या मळ्याचं वळण जमलं त्या दिवशी मी जेवायलासुद्धा उठलो नाही.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. आबांनी अंथरूण धरलंय, निघून ये. मी रजा मागितली. सरदार म्हणाले, "साहेब लोक जेवायला येतायत. दहा दिवस थांब, फिर आराम से जा."

त्यांनी मला बांधून ठेवलं नव्हतं, सदा. जवळच्या बाजारातून टांगा केला असता तर त्याच दिवशी गाडीत बसलो असतो. पण टेबलावरच्या नदीचा काठ अजून वाळायचा होता, आणि साहेब काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. रजा मिळाली नाही असं मी तुला लिहिलं. ते खोटं होतं.

जेवणाच्या दिवशी मी दाराशी उभा होतो. एका साहेबाने वाकून माती बोटाने चाचपली आणि काही विचारलं. सरदारांनी इंग्रजीत उत्तर दिलं. मुनशीने मला नंतर अर्थ सांगितला: हे सगळं गाडीबरोबर विलायतेहूनच आलंय. दोन दिवसांनी तुझी तार आली. थोरला मी, पण अग्नी तू दिलास. मी दहाव्याला पोचलो. तू मला पाणी दिलंस आणि दर्भ निवडायला वळलास.

परत आलो तर सरदारांना विलायतेसारखी हिरवळ हवी होती. आपला मळा मीच भुशाखाली बुजवला.

आता ग्वाल्हेरच्याच माधवगंजात दोन खोल्या आहेत. मूर्ती करतो. मुलं "बाबा, खाना तयार आहे" म्हणतात, त्यांची आई "जेवण म्हणा" म्हणून रागावते. इतक्या वर्षांनी तू लिहितोस, झालं गेलं विसर, घरी ये. तुझं मन मोठं आहे. पण त्या अंगणात मी कायम आबांच्या शेवटाला न आलेला मुलगाच असेन. इथे शेजारी मला भाऊसाहेब म्हणतात. मी काय केलं ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. मी यालाच घर म्हणतो.