पुढची सायकल

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नव्हतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त त्यांना सोडून.

कापडाच्या लूमवर उभं आयुष्य काढलं की कान जातातच, त्यात नवल काही नाही. भिवंडीत नारपोलीला आमच्या गल्लीत असे बरेच होते. संध्याकाळी ओट्यावर बसून एकमेकांशी ओरडून बोलायचे आणि प्रत्येकाला वाटायचं, समोरचा बहिरा आहे.

मीही ह्यांच्याच कारखान्यात कांडी भरायला होते. धोट्यात सुताची नळी बसते, ती कांडी. आमचं मशीन बाहेरच्या खोलीत होतं म्हणून माझे कान वाचले. आत लूमच्या आवाजात बोलून उपयोग नसतो. तिथे सगळं हातांनी चालतं. पंजा वर केला की लूम बंद कर. बोट गोल फिरवलं की चालू कर. मूठ उलटी धरली की कांडी संपली, दुसरी आण. डोक्यावर दोन टपल्या मारल्या की शेठ येतोय, नीट उभा राहा. हे कुणी शिकवत नाही, बघून बघून येतं. लग्नानंतर माझं ह्यांच्याशी जेवढं बोलणं झालं त्यातलं निम्मं तरी हातांनीच झालं असेल. त्यात भांडण कधी झालं नाही, कारण भांडायला लागतात ते शब्द त्यात नाहीतच.

मग कारखाना बंद झाला. शेठने लूम भंगारात काढले आणि जागा गोडाऊनला दिली. आम्ही दोघं घरी बसलो. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं आणि दिवसभर टीव्ही. ह्यांना काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की हे म्हणत, "वराडतेस कशाला? मी काय बहिरा हाय?" एकदा जेवताना मी मूठ उलटी करून विचारलं, भात संपला, आणखी हवा का. ताट सरकवून म्हणाले, "ह्यो काय कारखाना हाय? तोंड न्हाय तुला?" मला कळलं. घरात हात वापरला म्हणजे कान गेले हे कबूल केल्यासारखं झालं. पुन्हा मी घरात हात हलवला नाही.

सायकली आल्या त्या गोडाऊनमधून. मुलगा तिथे सुपरवायझर होता. त्या पावसाळ्यात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, खोकी भिजली आणि पार्टीने माल उचलला नाही. त्यातल्या दोन सायकली तो नातवंडांसाठी घेऊन आला. जाड टायरच्या, गिअरच्या. पोरांचे पाय पोचेनात, म्हणून त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. ह्यांना तेव्हा साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालायचा ह्यांना कंटाळा. दसऱ्याला सायकली पुसल्या, झेंडूचे हार घातले, आणि दुसऱ्या दिवशी हे एक सायकल काढून अंजूरपर्यंत जाऊन आले. त्याच्या पुढच्या दिवशी मी दुसरी काढली.

मला सायकल येत होती. माझं माहेर वज्रेश्वरीकडचं. चौथीनंतर शाळा सुटली आणि बापाच्या सायकलवर दूध घालायचं काम माझ्याकडे आलं. सीटवर बसून पाय पोचत नसत, मग दांड्याखालून पाय घालून चालवायची. भिवंडीला आल्यावर सायकल सुटली ती सुटलीच. आता पाचवारीत ती जमेना, म्हणून ट्रंकेतलं जुनं नऊवारी लुगडं काढलं आणि गुडघ्यापर्यंत काष्टा मारला. सायकलसाठी त्याच्यासारखं दुसरं नेसणं नाही.

शेजारीण दारात उभी होतीच. म्हणाली, "काय गो म्हातारे, शर्यतीला चाललीस?"

"हो. मागं बसून येतेस?"

"बसायला कॅरिअर कुठं हाय हिला?"

"म्हणूनच इचारलं."

आम्ही सकाळी लवकर निघायचो. अंजूरकडे वळलं की डांबर संपायचं. पावसात बैलगाड्यांनी चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या दसऱ्यानंतर वाळून दगडासारख्या होतात. त्यांच्यातून चाक नेणं सोपं नाही. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं, कुठे कापणी लागलेली. पेंढ्याचा वास. पुढे खाडीच्या बांधावर एका माणसापुरती वाट. तिथे बसून आम्ही पाणी प्यायचो, बगळे बघायचो आणि परत यायचो. ऊन तापायच्या आत घरी. गिअरला आम्ही हात लावत नव्हतो. लावला की चेन उतरते, असं ह्यांचं म्हणणं होतं.

मला ते फिरणं आवडलं. फार काही कारण नाही. घरात माझ्या हातून भांडं पडलं तरी चार माणसं बघत. बांधावर कोणी बघत नव्हतं, आणि बरोबर जो माणूस होता त्याच्याबरोबर मला गप्प बसता येत होतं. कारखाना सुटल्यापासून आम्ही दोघंच असे कधी नव्हतोच.

एकच भानगड होती. हे कायम पुढे. पुढचा माणूस मागे बघत नाही, आणि ह्यांना तर मागचं ऐकूही येत नव्हतं. एकदा माझं चाक चाकोरीत अडकलं आणि मी सायकलसकट खाचरात गेले. हाका मारल्या. हे आपले चाललेत, पाठ ताठ. मी उठले, गुडघ्याला माती लावली, भाताच्या लोंब्या केसातून काढल्या आणि खाडीवर पोचले. हे बसून शेंगा सोलत होते.

"कुठं राह्यलीस गो?"

"शेतात लोळत व्हते."

"बरं," म्हणाले, आणि मला शेंगा दिल्या. ऐकलं काय होतं देव जाणे.

त्यावर मी हसले. पण दिवाळीच्या तोंडावर झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अंजूरच्या वाटेवर नवीन गोडाऊनसाठी भराव चालला होता. मागून मातीने भरलेला डंपर आला. तो हॉर्न देतोय, देतोय. मी बाजूला झाले. हे वाटेच्या मधोमध. मी ओरडले, डंपरवाल्याने ब्रेक मारला, गाडी घसरली आणि तिचं पुढचं चाक शेतात उतरलं. ह्यांच्यापासून दोन हातांवर. तेव्हा कुठे ह्यांनी मागे बघितलं.

ड्रायव्हर खाली उतरला. पोरगेलासाच होता. "चाचा, बहरे हो क्या?"

ह्यांनी त्याच्या ओठांवरून ते बरोबर वाचलं. "नहीं," म्हणाले.

ही बातमी आमच्या आधी घरी पोचली. त्या भागात मुलाला सगळे ओळखायचे. संध्याकाळी त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. "बाबा, कानाचं मशीन घ्या, नाहीतर सायकल बंद."

दोनदा सांगावं लागलं. मग हे म्हणाले, "जलमभर कानात मशीनच घेऊन उभा व्हतो. आता आणखी एक कशाला?"

"म्हणजे नाही घेणार?"

"मला ऐकाया येतं. तुमी हळू बोलता."

मुलगा माझ्याकडे वळला. "भाऊबीजेला तुम्ही मामाकडे जाताय ना? सायकली टेम्पोत टाकतो. मामाला शेतावर जायला होतील. परत येताना तुम्ही एसटीने या."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण मला माझी सकाळ द्यायची नव्हती. मी ह्यांना तोंडासमोर उभं राहून सांगितलं, "मी पुढं राहते. तुमी मागं या. मागची गाडी मला ऐकाया येईल, माझे हात तुमाला दिसतील. आपण कारखान्यात करायचो तसं."

"बाईच्या मागनं?" म्हणाले आणि तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की ह्यांच्याशी बोलणं संपतंच.

भाऊबीजेला सायकली टेम्पोतून माझ्या माहेरी गेल्या. मुलगा आम्हाला सोडून परत गेला. मी भावाला ओवाळलं, जेवणं झाली. भावाने सायकलींभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गिअर दाबून बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी काष्टा मारला. ह्यांना म्हटलं, "डोंगरावर एकदा जाऊन येते. शेवटचं. येनार तर मागनं या."

"तुझ्या भावाच्या गावात मागनं येऊ? लोक हसतील."

"मग बसा हितं."

गावाच्या मागे गुरं चरायला जातात ती वाट डोंगरावर चढते. लहानपणी मी तिथे शेळ्या घेऊन जायची. गवत कमरेएवढं वाढून वाळलं होतं, मधूनच तांबडी माती दिसायची. चढाला दम लागला. कोणी बघत नव्हतं, म्हणून मी गिअर दाबला. चेन उतरली नाही. पेडल एकदम हलकं झालं. इतके दिवस आम्ही उगीच घाम गाळला होता.

पहिल्या वळणावर मागून खडखड ऐकू आली. ह्यांच्या सायकलचा स्टँड ढिला होता, खड्ड्यात चाक गेलं की वाजायचा. लांबून, पण नक्की तोच. मी वळून बघितलं नाही. मी थांबले की खडखड थांबे, मी निघाले की निघे. ह्यांना वाटत होतं, आपण चोरून मागे येतोय. स्टँड वाजतो हे ह्यांना माहीतच नव्हतं. कधी ऐकलं असेल तर ना.

वर सपाटीला पोचून मी थोडी बसले. खाली वज्रेश्वरीच्या देवळाचा कळस दिसत होता. हे करवंदीच्या जाळीमागे उभे होते. मी बघितल्याचं दाखवलं नाही. त्यांचं नाटक त्यांनी करावं.

उतरताना वाट चांगली होती म्हणून मी जरा सोडली सायकल. खडखडही जवळ आली. उतारावर ह्यांनाही आवरत नसावं. मध्येच गवतातून काळी रेघ दिसली. पावसाने वाट आडवी कापून नेली होती, कमरेएवढा चर, आणि वरून दोन्ही बाजूंचं गवत त्यावर पडलेलं. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि डावा पंजा डोक्याच्या वर नेला.

विचार करून केलं नाही. पण ओरडले असते तर उपयोग नव्हता हे हाताला माझ्याआधी माहीत होतं.

मागे माती खरवडल्याचा आवाज आला. मग खडखड बंद. मी वळले. हे माझ्या मागच्या चाकाला टेकून उभे होते, पाय जमिनीवर. त्यांनी गवत बाजूला करून चर बघितला, बराच वेळ बघितला. दोन्ही सायकली त्यांनीच उचलून पलीकडे ठेवल्या. मग माझ्याकडे बघून एक बोट गोल फिरवलं. चालू कर.

मी पुढे निघाले. डोंगराखाली वाट फुटते. उजवीकडे भावाचं घर, डावीकडे भिवंडीचा रस्ता. मी डावीकडे वळले. पिशवी भावाकडे राहिली होती, ओवाळणीची साडीही. मी कान देऊन होते. खडखड क्षणभर थांबली. मग माझ्यामागे डावीकडे वळली.

शक्य तिथे शेतांच्या बाजूची कच्ची वाट धरली, बाकी सडक. मागून गाडी आली की मी डोक्यावर दोन टपल्या मारायची, शेठ येतोय, आणि हे कडेला व्हायचे. सगळ्या गाड्यांना त्या दिवशी आमच्या शेठचा मान मिळाला. एका टपरीवर चहा प्यायलो. टपरीवाला म्हणाला, "मावशी, डोकं दुखतं का? लांबनं बघतोय, मारून घेता." मी म्हटलं, "हो, नवऱ्यामुळं."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुलगा ओट्यावर होता. भावाचा फोन त्याला आला होता, सायकली आणि बहीण दोन्ही गायब म्हणून.

"रस्त्याने आलात? बाबांना घेऊन? मागून गाडी आली असती तर?"

मी म्हटलं, "त्यांना इचार."

तो त्यांच्या तोंडासमोर गेला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, मागून गाडी आली तर तुम्हाला कळणार कसं?"

हे स्टँड लावत होते. म्हणाले, "मला कसं कळनार? ही पुढं व्हती ना."

मुलाने माझ्याकडे बघितलं, मग सायकलींकडे. आत जाऊन मामाला फोन लावला की सायकली इथेच राहतील, आईची पिशवी एसटीच्या कंडक्टरकडे द्या. सायकली पुन्हा जिन्याखाली गेल्या. स्टँडचा नट आवळून देतो म्हणाला, तर मी म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. टीव्ही चालू, पोरांचा गोंधळ. मी पातेल्याजवळ होते, हे भिंतीपाशी. त्यांचं ताट रिकामं झालं होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही. सुनेसमोर, मुलासमोर, मूठ उलटी धरली. कांडी संपली, दुसरी आण.

साखर असून दोनदा भात घेऊन झाला होता. मी पंजा वर केला.