पुरीची तिकिटं

दुर्गच्या फलाटावर वळकटीवर ठाण मांडून बसलेली ती बाई मला अजून आठवते. नवरा भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला. दोघं पुरीला निघालेले, आणि तिकडे वादळ येणार अशी बातमी. नवऱ्यानं पेपर माझ्यापुढं धरला. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, खणखणीत वाचून सांगितलं, "जाऊ नका."

"चाल, तिकिटं वापस करू," तो म्हणाला.

तिनं भाकरीच्या गाठोड्याची गाठ आणखी आवळली. "हे गाडीतच सुटन."

"अवं, समुद्र खवळून राहिला!"

"मंग पुरी राहू द्या. रायपूरले उतरू, धरमशाळेत राहू. भट्टी पेटली तवापासून तुमी माह्यासंग दिवसाउजेडी जेवले नाई. सुट्टी मी वापस करत नाई."

माझा सल्ला बरोबरच होता. तरी गाडी आल्यावर तिची वळकटी मीच वर चढवली.