नवमीच्या दिवशी उठलेली कुर्ली

मुरुडच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, माझ्या मामाने कॅराव्हॅनवाल्यांसाठी तळ उभारला. उमेदीची सगळी वर्षे मुंबईत काढून तो परतला होता आणि लोक चाकांवरचे घर घेऊन समुद्र पाहायला येतात, हे त्याला गावात सर्वांच्या आधी कळले होते. त्याने कातळावर तांबडी माती आणून पसरली, तिच्यावर मऊ गवत लावले. पाहुण्याने गाडीच्या पायरीवरून उतरावे ते अनवाणी पायांनी हिरवळीवर, अशी त्याची कल्पना होती. कल्पना चांगली होती. पण पाऊस सरताना त्या गवतातून सड्याचे मूळचे रानगवत वर यायचे आणि श्रावणात गालिचा दिसणारी जागा भाद्रपदात रान दिसायची.

ते कापण्याचे काम मुकादमाकडे होते. खांद्याला ग्रासकटर अडकवून तो आणि त्याची माणसे सकाळपासून घरघराट करत. पेट्रोलचा धूर गाड्यांच्या खिडक्यांतून आत जाई. पाते जमिनीला टेकले की जांभ्याचे खडे गोळीसारखे सुटत. असाच एक खडा एका गाडीच्या काचेवर बसला आणि काच आरपार तडकली. मुकादम म्हणाला, गाडी चुकीच्या जागी लावली होती. मामाने ते पाहुण्यांना ऐकवले. ते कुटुंब दुपारीच निघून गेले.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून घरी आले होते. मामाला वाटत होते की मी काउंटरवर बसावे, हसतमुखाने चाव्या द्याव्यात. मामीने त्यासाठी साडीचा रंगही ठरवून ठेवला होता. मी त्याऐवजी गवत कापणारा रोबो सुचवला. तो आवाज करत नाही, धूर सोडत नाही. रोज फिरून गवताचा केवळ शेंडा खुडतो, त्यामुळे खडे उडण्याइतके खाली जाण्याची त्याला गरजच पडत नाही. मामाने ऐकून घेतले, यंत्र मागवले आणि अट घातली.

"दिवाळीपर्यंत गवत सांभाळून दाखव. मग नाट्याची जागा तुझ्या ताब्यात. नाही जमलं तर मुकाट्याने काउंटर."

नाटे गावात आमचा दुसरा तळ व्हायचा होता. तिथे अजून एकही खांब उभा नव्हता. उतार, पाण्याचा निचरा, विजेच्या जोडण्या, गाड्यांची वळणे, सगळे पहिल्या रेषेपासून ठरवता येणार होते. मला ती जागा हवी होती, आणि हवी असल्याचे मी कोणापासून लपवले नाही. मुलीने एखादी गोष्ट उघडपणे मागितली की आमच्याकडे तिला हावरी म्हणतात. म्हणू देत, असे मी ठरवले होते.

मी तळावरचा एकेक खडा वेचून काढला. मोबाईल हातात धरून गाड्यांच्या कडेकडेने चालले आणि यंत्राच्या नकाशात हद्द आखली. सकाळी एक फेरी, चार वाजता दुसरी, असे वेळापत्रक लावले. यंत्र ठरल्या वेळी आपल्या चार्जिंगच्या ठाण्यावरून मागे सरकत बाहेर पडे, वळे आणि कामाला लागे. ते मागे सरकणे पाहूनच मुकादमाने त्याचे नाव कुर्ली, म्हणजे खेकडी, ठेवले.

"काय गो बाय, तुझी कुर्ली आज जेवली काय?" तो रोज विचारी.

"जेवली, दादा. तुमच्या माणसांसारखी मध्येच विडीला थांबत नाही."

"कुर्लीचं कालवण तरी होतं. हिचं काय करायचं?"

त्याची माणसे हसत. एका सकाळी यंत्राच्या वाटेत नारळाची सुकी झावळी आडवी पडलेली आढळली. आसपास माड नव्हता. दुसऱ्या दिवशी फुटका माठ. मी कोणाला विचारले नाही. पुढच्या डोळ्याने, म्हणजे कॅमेऱ्याने, अडथळा ओळखून यंत्र दोन्ही वेळा वळसा घालून गेले. हे मी मुकादमाच्या देखत मामाला दाखवले, तेव्हा मुकादमाने जमिनीवर थुंकून तोंड फिरवले. आमच्यात काय चालले आहे ते दोघांनाही स्पष्ट होते. मी नाट्याला गेले तर त्याचा ग्रासकटर दोन्हीकडून जाणार होता.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. कोयते, कुदळी, पंपाचा पाना, गाड्या, सगळे धुऊन पुसून मांडतात. पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत कोणी हात लावत नाही. त्याला विश्रांती असते. यंत्राला त्या दिवशी बंद ठेवावे, असे मी आदल्या दिवशीच मामाला सुचवले होते.

"सकाळी कापून घे," तो म्हणाला. "पुण्याची गाडी यायची आहे. पूजा दुपारी करू. मग काय ती सुट्टी दे."

सकाळची फेरी झाली. यंत्र ठाण्यावर परतले. मी मोबाईल काढून चारची फेरी रद्द करणार, तोच मामीने तो माझ्या हातातून घेतला.

"हा पण ठेव पूजेत. याच्यावरच तर चालते ना तुझी कुर्ली?"

"मामी, एक मिनिट दे. तिची चारची फेरी बंद करायची आहे."

"हळदकुंकू लागलं बघ त्याला. आता नको हात लावू."

खरेच लागले होते. मोबाईल ग्रासकटरच्या शेजारी, पाटावर, फुलाखाली होता. मी मामाकडे वळले. ते यंत्र आपल्या वेळेला आपोआप निघेल, हे मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले.

"अगं, पूजेला बसलंय ते. पळून जातंय काय?"

बाकीचे हसले. मुकादमाने पुढे होऊन यंत्राला झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा जाड हार घातला, तो यंत्र थांबवण्याच्या लाल बटणावर नीट बसवला, पुढच्या डोळ्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि ठाण्याच्या कडेवर नारळ फोडला. पाणी थेट चार्जिंगच्या पितळी पट्ट्यांवर गेले. हे त्याने मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. तो आपल्या ग्रासकटरवरही दरवर्षी असाच नारळ फोडतो. पण नारळ फुटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले, एवढे मी पाहिले.

चार वाजता सगळे चहा घेत होतो. पुण्याचे पाहुणे गाडीपुढे खुर्च्या मांडत होते. ठाण्यावरून परिचित बारीक शीळ आली आणि कुर्ली हारासकट मागे सरकली.

मामी किंचाळली. मुकादमाच्या हातातली बशी कलली. मी पुढे धावले, तर मामाने मला दंडाला धरून थांबवले.

"हात लावायचा नाही! पूजेतलं आहे!"

"मामा, बटण दाबू दे!"

"दसऱ्यापर्यंत नाही म्हणजे नाही!"

अशा रीतीने, पूजेतल्या हत्याराला विश्रांती मोडण्यापासून थांबवायचे नाही, कारण ते पूजेत आहे, या तर्कावर आम्ही सगळे उभे राहिलो आणि पाहत राहिलो. डोळ्यावर कुंकू असल्यामुळे यंत्राला पुढचे काही दिसत नव्हते. ते पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीवर आदळले, तिला काही अंतर ढकलत नेले, मग वळले. हाराचे टोक खाली लोंबत होते. ते पात्यांत गेले. झेंडूच्या केशरी पाकळ्या हिरवळीवर फवारल्यासारख्या पसरल्या, दोरा आसाला गुंडाळला गेला आणि कुर्ली तळाच्या मधोमध कण्हत थांबली.

"बसलेलं हत्यार उठलं," मुकादम सावकाश म्हणाला. "हे बरं नाय, मालक. माझी माणसं आता हिच्या अंगणात पाय ठेवायची नाय."

मामाचा चेहरा उतरला होता. "दसरा झाला की ही ब्याद परत पाठव," तो मला म्हणाला. "आणि काउंटरचं बघ."

पाहुणे मात्र टाळ्या वाजवत होते. त्यांच्या मुलीने सगळे चित्रित केले होते.

दसऱ्याच्या सकाळी मी यंत्र उलटे करून आसावरचा दोरा ब्लेडने कापून काढला, डोळा पुसला, पितळी पट्ट्या घासल्या. दुपारपर्यंत ते पूर्ववत चालू लागले. मामाला दाखवायला गेले तर तो फोनवर होता आणि त्याचा आवाज पार बदललेला होता.

"हो हो, तेच यंत्र. हार घालूनच फिरतं. दिवाळीत या ना, मुलांना दाखवू."

ते चित्रण फिरत फिरत कुठे कुठे पोहोचले होते. फोन ठेवून त्याने मला जवळ बोलावले. अपशकुनाचा उल्लेखही निघाला नाही.

"बेत बदलला. कुर्ली राहणार. रोज चारला हार घालून सोडायची. गवत छान ठेवलंयस तू, नाटे तुझंच. फक्त हार विसरायचा नाही."

"दोरा आसात जातो, मामा. असं केलं तर महिन्याभरात मोटर जळेल. आणि डोळा झाकला तर ती एखाद्या मुलाच्या पायावर जाईल."

"हार जरा आखूड कर."

"नाही."

"नाटे हवंय ना तुला?"

"गवत कापून दाखवायची अट होती. ती मी पुरी करतेय. तमाशा चालवायची अट नव्हती."

मामी दारातून म्हणाली, "एवढा ताठा बरा नव्हे पोरी. चार फुलं घालायची तर आहेत."

मामाने मुकादमाला हाक मारली. ज्याची माणसे त्या अंगणात पाय ठेवणार नव्हती, तो मुकादम तत्काळ आला, हिरवळीच्या मधोमध उभा राहिला आणि हार घालायला काहीच हरकत नसल्याचे त्याने सांगितले. अपशकुनाचे काय, हे मी विचारले. "पूजा केली की शांत होतं, बाय," तो म्हणाला. नाटे त्याला मिळाले. उतार, निचरा, विजेच्या जोडण्या, सगळे. आखणीसाठी कोणी दुसरा माणूस पुढे बघू, असे मामा म्हणाला.

मी काउंटरवर बसले नाही. बंगलोरला एका कंपनीत शेतीची यंत्रे तपासण्याची जागा होती, तिथे अर्ज केला आणि निवड होताच बॅग भरली. निघण्याच्या सकाळी मुकादम फाटकाशी वाट पाहत होता. हातात मोबाईल, नवा कोरा.

"बाय, हिला उठवायची कशी, बसवायची कशी, तेवढं दाखवून जा गो."

मी दाखवले. वेळापत्रक, नकाशा, लाल बटण, सांकेतिक अंक. आसाजवळ दोरा कुठे अडकतो तेही दाखवले. हार आखूड ठेवायला सांगितले आणि डोळ्यावर काहीही लावू नका, असे दोनदा बजावले. त्याने मान डोलावली. ऐकले नाही, हे दिसत होते.

"अजून काय?" त्याने विचारले.

सणाच्या दिवशी फेरी रद्द करण्याचे बटण मोबाईलमध्ये वेगळ्या पानावर असते. ते त्याने विचारले नाही.

"काही नाही, दादा," मी म्हणाले. "ती आपल्या वेळेला उठते."