एका मशीनमध्ये दोन

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. ती तर माझ्या पोटातलं सगळं काढून घेते, पण हे तिच्याही हाती लागलं नाही. आज सांगायचं ठरवलंय. एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही, हा माझा स्वभाव. तोच इथं नडला, तर आता तोच कामाला लावते. मध्ये मध्ये अडखळेन — पण शेवटपर्यंत जाईन.

मी कॉम्प्युटर शिकवते, बदनापूरला, एका कनिष्ठ महाविद्यालयात. राहते जालन्यात, रोज रेल्वेनं जा-ये. माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. आमच्या घरी सोवळंओवळं कुणी कधी पाळलं नाही. शेतातून आलेला माणूस पाय धुतले की थेट चुलीपाशी येऊन बसायचा. अशा घरातली मी — आणि मी पाळलं कशाचं सोवळं, तर कॉम्प्युटरचं.

सांगते. आमच्या लॅबमधल्या जवळजवळ सगळ्या मशीनवर चोरीचं विंडोज होतं. कुणीतरी कधीतरी सीडीवरून टाकलेलं. चालू केलं की पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात अक्षरं यायची की ही प्रत अस्सल नाही. मुलं रोज ते वाचायची आणि मी त्याच मुलांना प्रामाणिकपणाचे दोन शब्द सांगायचे. पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे ते वेगळंच. मला याची चीड यायची. खरी चीड, नाटक नाही. म्हणून मी ठरवलं की सगळी लॅब लिनक्सवर न्यायची. ते फुकट असतं आणि उजळ माथ्यानं वापरता येतं.

स्टाफरूममध्ये हसले सगळे. त्या लिनक्सच्या चिन्हावर पेंग्विन असतो, तर मला बघितलं की म्हणायचे, "आला मॅडमचा पक्षी." मी दाद दिली नाही. प्राचार्यांच्या मागे लागले, संस्थेच्या अध्यक्षांना पटवलं, सुटीत एकटीनं बसून एकेक मशीन पुसून नवीन केलं. उद्घाटनाची तारीख ठरली. दारावर पाटी लागली — संपूर्ण लिनक्स प्रयोगशाळा. 'संपूर्ण' हा शब्द माझा. पेंटरला मी तो मुद्दाम मोठ्या अक्षरात काढायला लावला होता.

आता वहीद सरांकडे येते. येणं भागच आहे.

वहीद सर इतिहास शिकवायचे, तासिका तत्त्वावर. मूळचे केदारखेड्याचे. जन्मापासून दिसत नाही. पण वर्गात असे उभे राहायचे की शेवटच्या बाकावरच्या पोराला वाटायचं, हे आपल्याकडेच बघताहेत. घरी त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. लॅबमधलं खिडकीजवळचं मशीन तेच वापरायचे. त्यावर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. कुठली कळ दाबली, कुठली ओळ लिहिली, सगळं मशीन कानात सांगायचं. अंधशाळेत असल्यापासून त्यांना विंडोजच्या कळा पाठ झालेल्या. बोटं अशी चालायची की मी, कॉम्प्युटरची बाई, बघत राहायचे.

आणि एक गोष्ट त्यांना फार मोलाची होती. सहामाहीची, वार्षिकची प्रश्नपत्रिका ते स्वतः टाइप करायचे. प्रश्नपत्रिका दुसऱ्याला दाखवायची नसते ना. बाकी कागदपत्रांना बायको आहे, भाची आहे, कुणीही वाचून देईल. पण पेपर ज्याचा त्यानं काढायचा. तो त्यांना कुणाच्या डोळ्यांशिवाय काढता यायचा. एकदा प्रिंटरमधून गरम कागद हातात घेऊन मला म्हणाले होते, "मॅडम, याच्यात काय हाये ते ह्या इमारतीत फक्त मलाच माहिती." किती खूश होते.

ते मशीनही मी पुसलं.

थांबा — पुसायच्या आधीचं सांगितलं पाहिजे. वायरी काढायला मी ते मशीन फिरवलं, तर त्याच्या पाठीवर स्टिकर होता. अस्सल परवान्याचा. अख्ख्या लॅबमध्ये तेवढं एकच विंडोज रीतसर विकत घेतलेलं होतं, बहुधा कुणा देणगीदारानं दिलेलं. म्हणजे माझी जी चीड होती, चोरीची, ती त्या मशीनला लागूच नव्हती. मी स्टिकर वाचला. दोनदा वाचला. आणि मशीन भिंतीकडे फिरवून ठेवलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सर आले. नेहमीच्या खुर्चीवर बसले, कानाला हेडफोन लावला, कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. मग माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, मशीन बोलंना झालंय."

मी त्यांना सांगितलं की नव्यातही बोलणारं सॉफ्टवेअर आहे, मी चालू करून देते, फक्त कळा वेगळ्या आहेत, शिकाव्या लागतील. चालू करून दिलं. ते ऐकत बसले. त्या वेळी त्यातला मराठी आवाज कसा होता, काय सांगू? गिरणीत घातल्यासारखा. वाक्य जायचं अख्खं आणि बाहेर यायचं पीठ. बराच वेळ ऐकून त्यांनी हेडफोन काढला.

"मॅडम, बुरा मानू नका. हे एक मशीन जुनंच राहू द्या न. न्हाईतर असं करा — एकाच मशीनीत दोन्ही बसत न्हाईत का? तुमचंबी राहील, माझंबी राहील."

बसतात. एका मशीनमध्ये दोन्ही बसतात. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, बाणाच्या कळीनं हवं ते निवडायचं, झालं. हे मला पुस्तकातून माहिती होतं असं नाही. माझ्या घरी, जालन्यात, आमच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर तसंच होतं. नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याचा हिशेब विंडोजवरच चालतो. तेव्हा घरी मी दोन्ही बसवलेलं होतं, स्वतःच्या हातानं. रोज सकाळी तो पडदा मला विचारायचा, कोणतं? घरच्यांसाठी माझं सोवळं ढिलं होत होतं बघा.

आणि मी वहीद सरांना म्हणाले, "नाही सर. एका मशीनमध्ये एकच बसतं."

का म्हणाले? मला वाटलं, एकाला सवलत दिली की उद्या लेखनिक येईल, परवा प्राचार्य येतील, आणि माझी लॅब होती तिथंच जाईल. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण दारावर होतं — 'संपूर्ण'. सकाळी अध्यक्ष येणार, आणि खिडकीजवळच्या मशीनवर विंडोज दिसलं की स्टाफरूममध्ये काय हशा पिकला असता! मॅडमचा पक्षी एका पायानं लंगडा. मला तो हशा नको होता. तेवढ्यासाठी.

"मंग बराबर हाये," ते म्हणाले. "बसत न्हाई तर तुमी तरी काय करणार." आणि उलट माझीच समजूत घातल्यासारखे हसले.

त्यांनी प्रयत्न केला. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय ते हे, की त्यांनी मनापासून प्रयत्न केला. रिकाम्या तासाला येऊन बसायचे, नव्या कळा बोटांवर घोकायचे, त्या पिठातून शब्द वेचायचे. काही जमलंही. पण आपण लिहिलेली ओळ बरोबर उमटली की नाही याची खात्री त्यांना होईना. पेपर चुकीचा गेला तर? विचारायचं कुणाला? मी दहा पावलांवर बसलेली असायचे. डोळ्यांवर कातडं ओढून. हा वाक्प्रचार मी कुणाबद्दल लिहिताना वापरतेय, ते माझ्या लक्षात आहे.

सहामाही आली. सरांनी पेपर बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात बसून सांगितला. दुकानदारानं टाइप करून दिला, पैसे घेतले, फाइल मशीनवर तशीच राहिली. त्यानं मुद्दाम काही केलं असेल असं मला वाटत नाही. पण आमचीच दोन पोरं प्रोजेक्ट छापायला त्याच मशीनवर बसली, आणि परीक्षेच्या आधी इतिहासाचा पेपर अर्ध्या वर्गाकडे होता.

प्राचार्यांनी बैठक घेतली. वहीद सर भिंतीलगतच्या खुर्चीवर, हात मांडीवर. त्यांनी काही लपवलं नाही. दुकानात गेलो, माझी चूक झाली, म्हणाले. प्राचार्य कडक असले तरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही इथंच टाइप करत होता ना, मग आता बाहेर का गेलात? सर म्हणाले, मशीन बदललं. तेव्हा प्राचार्य माझ्याकडे वळले.

"मॅडम, सरांच्या मशीनवर जुनं ठेवता आलं नसतं का? खरं काय ते सांगा."

संधी याहून सरळ कशी येते? खरं काय ते सांगा, असं माणूस तोंडावर म्हणतोय. मी 'हो' म्हणाले असते तर दोष अर्धा माझ्याकडे आला असता, फार तर दोन बोल ऐकावे लागले असते. नोकरी गेली नसती माझी. मी कायम होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही सर, तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हतं." 'तांत्रिकदृष्ट्या'! तो शब्द घातला की पुढे कुणी विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी वहीद सरांना तासिका मिळाल्या नाहीत. कुणी काढलं असं नाही. फक्त बोलावलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायला लागलं. मी वर्गात तोऱ्यात शिकवत राहिले. दुसऱ्या संस्थांचे लोक माझी लॅब बघायला आले, मी त्यांना चहा पाजला आणि भाषण दिलं.

इथं थांबले असते तर ही माझी जुनी चूक एवढंच राहिलं असतं. पण गोष्ट इथं संपत नाही. मला लाज वाटते ती याच्या पुढच्याची.

मागच्या वर्षी बदनापूर स्टेशनवर मी परतीच्या गाडीची वाट बघत होते. बाकाच्या एका टोकाला वहीद सर बसलेले. केस बरेच पांढरे झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी काठी गुडघ्याला टेकवलेली. मी त्यांना बघितलं. त्यांना मी दिसणार नव्हते. आणि मी — कसं लिहू — मी आवाज न करता त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. पायसुद्धा हलवला नाही. आंधळ्या माणसापासून लपणं किती सोपं असतं, ते मी त्या दिवशी करून बघितलं.

मग माझा फोन वाजला. नवऱ्याचा होता. मी हळू आवाजात दोन शब्द बोलले, पण तेवढे पुरले.

"जाधव मॅडम न?" मान माझ्याकडे, चेहऱ्यावर आनंद. "आवाज वळखला बगा."

बोललो. सर बहिणीकडे लग्नाला आले होते. गावी शिकवण्या घेतात, बारावीची मुलं येतात, बरं चाललंय. भाची पुण्याला नोकरीला लागली, तिनं लॅपटॉप दिला. लॅपटॉप हा शब्द आला. पुढचं मला कळलंच होतं.

"मॅडम, मजा सांगू का? त्याच्यात दोन्ही हायेत. तिनं घंटाभरात बसवलं. चालू केलं की इचारतं, कोणतं पायजे? तुमचं लिनक्सबी शिकून राह्यलो मी आता. आवाज सुधरला त्याचा."

ते काठीवरून अंगठा फिरवत होते. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तवा तुमाला माहिती नसंल."

हा प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, पाहुण्यासाठी धरतात तसं. त्यातून बाहेर पडायचं की तिथंच उभं राहून खरं बोलायचं, एवढंच माझ्या हातात होतं. आता पाटी नव्हती, अध्यक्ष नव्हते, हसायला स्टाफरूम नव्हती. बाकावर आम्ही दोघंच. आता कशाची भीती होती मला?

मी म्हणाले, "नव्हतं, सर."

"तेच," ते म्हणाले. हलके झाल्यासारखे दिसले. "घरी भाची लई भांडली माझ्याशी. मी म्हनलो, न्हाई बेटा, मॅडम तशा न्हाईत. माहिती असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

गाडी आली. मी त्यांना डब्यापर्यंत सोडू का, विचारलं. नको म्हणाले, आणि बरोबर दारासमोर जाऊन उभे राहिले. मी मुद्दाम पुढच्या डब्यात चढले.

तेव्हापासून घरचा कॉम्प्युटर मी चालू करत नाही, नवऱ्याला करायला सांगते. त्याला वाटतं बायको आळशी झाली. पण हे असं किती दिवस? आज मीच चालू केला. काळा पडदा आला, दोन नावं आली, मी निवडलं आणि लिहायला बसले. कागदावर लिहिलं असतं तर सरांना ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं — बायकोकडून, नाहीतर त्या भाचीकडून. म्हणून टाइप करतेय. आज संध्याकाळच्या आत त्यांना पाठवणार आहे. त्यांचं मशीन त्यांच्या कानात वाचेल, आणि यात काय आहे ते आधी फक्त त्यांनाच कळेल. मग कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते त्यांचं.

सर, एका मशीनमध्ये दोन्ही बसतात, हे मला माहिती होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा माहिती होतं, प्राचार्यांनी विचारलं तेव्हा माहिती होतं. आणि तुमची भाची म्हणत होती ते खरं होतं.