उजेडात धरलेलं पान

आल्विना कोर्व टालिनमधल्या आमच्या सरकारी सांस्कृतिक मासिकात मुद्रितं तपासायची. लोकनृत्यं, गायनमेळे, ट्रॅक्टरवरच्या कविता, असा आमचा मालमसाला. वाचणारे थोडे, तपासणारे फार.

प्रत्येक अंकाचं तिचं शेवटचं काम म्हणजे छापून आलेला पहिला कागद खिडकीच्या काचेला लावून बघणं. युद्धानंतरचा कागद पातळ. पुढे थोर नेत्याचं चित्र असेल, तर मागचं काय त्यातून उमटतं हे पाहावं लागे. असलं कोण बघतं म्हणाल, तर बघायला पगारी माणसं होती.

१९५० च्या ऑगस्टमध्ये तिने मला टाइपरायटरवरून उठवलं.

"लैने, काय दिसतंय?"

"मागच्या बाजूचं कापणीचं चित्र."

"विळा कुठे आलाय बघ."

विळा बरोबर नेत्याच्या मानेवर होता. पानांची मांडणी अर्वेद लुइकची. त्याच्या भावाला आदल्या वर्षीच सैबेरियाला नेलं होतं, आणि घरात तीन आठवड्यांची मुलगी.

"साहेबांना सांगू या," मी म्हणाले.

"सांगितलं की लिहून द्यावं लागतं. मांडणी कोणाची, तेही."

"मग?"

"मग काही नाही. तू गप्प बस. अर्वेदलाही बोलू नकोस, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तिने तो कागद शेगडीत घातला आणि खाली छापखान्यात गेली. कापणीच्या चित्राचा लाकडी ठसा घेऊन येताना तो तिच्या हातून दगडी जिन्यावर पडला आणि दुभंगला.

"हात आहेत की फावडी?" साहेब कडाडले. "सरकारी ठसा होता तो!"

"चुकलं साहेब."

ठशाच्या जागी सिमेंटवरची कविता गेली. आल्विनाच्या नोंदीत 'निष्काळजी' असा शेरा पडला. पुढे बढतीचा विषय निघाला की आधी तो शेरा निघायचा. अर्वेद मात्र चढत चढत संपादक झाला.

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाला आम्ही काचेची फुलदाणी आणली. ती देताना अर्वेद म्हणाला, "जपून हं आल्विना, जिना उतरायचाय!"

सगळे हसले. तीही हसली. मला त्याचा इतका राग आला की मी केकची बशी तशीच ठेवून दिली.

ठसा फुटला त्या दिवशी जिन्यातून मला दोनदा आवाज आला होता. पहिल्यांदा ठसा फुटला नाही, म्हणून तिने तो उचलून पुन्हा आपटला होता.