रत्नम्माचं विरजण

सर्वेशरावांना नांदेडात कुणी नुसतं ग्रंथपाल म्हणत नाही, 'शोधाचे सर' म्हणतात. इंटरनेटवर नेमकं कसं शोधावं यावर त्यांची पुस्तिका आहे. तिच्या पहिल्याच पानावर 'सर्व हक्क लेखकाधीन' असं ठळक छापलंय, आणि व्याख्यानांपायी घरात शालींचा ढीग लागलाय. आता यातली मेख सांगतो: पुस्तिकेतलं मुख्य तंत्र त्यांचं नाहीच. आयत्या बिळावरचे नागोबा.

चार वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी निजामकाळातल्या धान्यबाजाराचा एक अहवाल ते शोधून शोधून थकले होते. कामानिमित्त उदगीरला गेले असता स्टेशनजवळच्या रत्नम्माच्या नेट सेंटरवर झेरॉक्स काढायला थांबले आणि सहज रडगाणं गायले. बारावी शिकलेल्या रत्नम्माने तो अहवाल अर्ध्या तासात काढून दिला. तिची रीत साधी होती. आधी जे थोडंफार जुळतं पान सापडेल त्यातले दोन दुर्मीळ शब्द उचलायचे आणि ते घालून पुन्हा शोधायचं. नव्या पानातले घेऊन आणखी पुढे. कालच्या दह्यातलं चमचाभर घेऊन आजचं दही लावतात, तसं. ती त्याला विरजणच म्हणायची. सरांच्या विनंतीवरून तिने सगळं वहीच्या कागदावर लिहून दिलं. तळाशी लिहिलं, 'नको ते शब्द उणे चिन्हाने गाळायची युक्ती रेल्वे बुकिंगवाल्या महांतेशची. बाकी माझं. रत्नम्मा.'

सर्वेशरावांनी विरजणाचं 'क्रमशोध पद्धती' असं बारसं केलं आणि कागदाचा तळ दुमडून ठेवला. पुढच्या आवृत्तीत नाव घालू, अशी मनाची समजूत घातली. तीन आवृत्त्या निघाल्या. उदगीरची बाई आपलं पुस्तक कुठं वाचणार, हेही मनाला सांगून झालं होतं.

परवा तिचाच फोन आला. तिची मुलगी सुकन्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पात तिने आईची रीत लिहिली, तर मॅडमनी 'सरांच्या पुस्तिकेतून चोरलं' असा शेरा मारून प्रकल्प परत केला. सोमवारपर्यंत सरांची लेखी परवानगी आणली नाही तर नापास.

"पोरीचं वर्ष वाया जायलंय सर," रत्नम्मा म्हणाली. "तुमी परवानगीचा कागद देता का?"

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती चिडली असती तर सर्वेशरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी लेटरहेडवर लिहिलं, 'सदर पद्धती वापरण्यास माझी हरकत नाही.' सही करताना कान तापले. मोबाइलवर फोटो पाठवून मोकळं होता आलं असतं, पण लाजेने अंगठा पुढे जाईना. रविवारी मुखेडमार्गे एस.टी. धरून ते स्वतःच उदगीरला गेले.

रत्नम्माने पाणी दिलं, कागद वाचला आणि लेकीपुढे ठेवला. सुकन्याने वाचून सरांकडे पाहिलं.

"आईची रीत वापरायला तुमची परवानगी लागती का सर?"

सर्वेशरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तो कागद फाडला, तिथलंच एक कोरं पान मागून घेतलं आणि लिहिलं, 'ही पद्धत रत्नम्मा यांची आहे. मी ती त्यांना न विचारता माझ्या नावावर छापली. चोरी सुकन्याने नाही, मी केली आहे.' खाली सही केली. कागद पुढे करताना छाती हलकी झाली, आणि आपण काहीतरी मोठं केलं असंही थोडं वाटलं. चूक कबूल करतानाही माणूस शालीची वाट पाहतो, दुसरं काय.

रत्नम्माने चष्मा लावून ओळ न् ओळ सावकाश वाचली आणि पान परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"उणे चिन्ह महांतेशचं हाय सर," ती म्हणाली. "त्याचं नाव ऱ्हायलं."

सर्वेशरावांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मान वर करायची त्यांची छाती झाली नाही.