परळच्या बॅनरवरची मंगल

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती वारली, तोवरही नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दादरला सिनेमाचे बॅनर रंगवायचो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत घरोघरी पगार बंद. माझा ब्रश तेवढा चालू, म्हणून मी जरा टेचात असे. समोरच्या खोलीतली मंगल तिच्या आईच्या खानावळीत भाकऱ्या थापायची. ती मला आवडायची — आवडायची काय, मी खुळा झालो होतो तिच्यापायी. पण बोललो कधीच नाही.

त्या सुमारास लढाईचा एक सिनेमा आला. शत्रूचे सैनिक गावात शिरतात, एका मुलीवर बलात्कार होतो. पडद्यावर जेमतेम मिनिटभर — कलंडलेला कंदील, बूट, किंकाळी. मग ती विहिरीत उडी घेते आणि हीरो सूड उगवायला मोकळा. बॅनरवर मात्र तीच सगळ्यांत मोठी हवी, पब्लिक तिच्यासाठीच येतं, असं आमचे पेंटरकाका म्हणाले. फाटलेलं पोलकं, मनगटावर सैनिकाचा हात. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं?

नमुन्याला आलेल्या फोटोत मुलीचा चेहरा केसांनी झाकला होता. काका म्हणाले, "तुझ्या मनानं काढ." माझ्या मनात एकच चेहरा होता. नकळत झालं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. नकळत? हनुवटीवरचा तीळसुद्धा?

बॅनर परळच्या थिएटरवर चढला. दोन दिवसांत मंगल दिसली की नाक्यावर शिट्ट्या सुरू झाल्या. वडिलांनी तिचं खानावळीत बसणं बंद केलं. एका दुपारी तिनं मला जिन्यात गाठलं.

"खरं सांग, तू काढलंस ना?"

"मी नाय. चेहरे आमचे काका काढतात."

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. नखांत रंग होता. मग वर गेली. आठवडाभरात तिला मालवणला आजोळी धाडलं. संपापायी कितीतरी माणसं गावी गेली, त्यातलीच ही, असं चाळीनं मानून घेतलं. मीही मान डोलावली.

परवा मुलीनं मला लढाईचा नवा सिनेमा दाखवला, गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये. त्यात अत्याचार दाखवलाच नाही. ती बाई कोर्टात उभी राहते, स्वतःचं नाव सांगते आणि बोलते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. सगळं थिएटर चिडीचूप. मला मंगलची इतकी आठवण आली की पुढचं काही दिसेना. ती कुठे असेल? असेल का?

आणि एक सांगायचं राहिलं. ती गेल्यावरही सिनेमा तीन आठवडे चालला. उन्हाधुळीनं रंग फिके पडले, काकांनी मला शिडीवर चढवलं. वर मी एकटाच होतो. दहा मिनिटांत चेहरा बदलता आला असता. मी तिचे डोळे पुन्हा रंगवले, ओठ रंगवले, गाल उजळले. चाळीत ती आता दिसणार नव्हती, आणि मला ती रोज बघायची होती.